सोडलेलं दूध

परवा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले आणि हात पोचला नाही. फळी तीच, डबा तोच, मीच खाली आले होते. सून धावत आली. "आई, मला हाक मारायची ना," म्हणाली. मी म्हटलं, "डबा राहू दे. आधी सांग, घरात तीळ आहेत का?" तिला वाटलं, म्हातारीला लाडू खावेसे वाटतायत. आता तिला काय सांगू, की फळीला हात न पोचणं म्हणजे काय, ते मला माझ्या सासूनं शिकवलंय, आणि तेही स्वतःचा हात मोडून घेऊन.

मी धुळ्याची. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे घरातलं बोलणंही कचेरीतल्यासारखंच. लग्न होऊन एरंडोलजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा सुरुवातीला मला गावातलं अर्धं बोलणं कळायचं नाही, आणि जे कळायचं त्याचा राग यायचा. राग माझ्या नाकावरच असायचा, अजूनही तिथेच आहे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, गल्ली त्यांना अक्का म्हणायची आणि आमचे हे म्हणायचे माय. हे एरवी फार बोलणारे नव्हेत. पण मायचा विषय निघाला की थांबायचे नाहीत.

त्याला कारणही होतं. आत्याबाईंनी ह्यांच्यासाठी दूध सोडलेलं होतं.

सोडलेलं म्हणजे देवाला दिलेलं. नवस बोलताना लोक नारळ बोलतात, पाळणा बोलतात, पण खरा कडक नवस म्हणजे आपल्या जिभेची सगळ्यात लाडकी वस्तू देवापाशी ठेवून यायची आणि जन्मभर तिला शिवायचं नाही. कुणी गूळ सोडतं, कुणी भरताचं वांगं सोडतं. कारलं सोडणारीही माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. आत्याबाईंना लहानपणापासून दुधाचं वेड. हे जेमतेम चालायला लागले होते तेव्हा प्लेग आला, सगळं गाव घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिलं, आणि त्या झोपडीत ह्यांच्या काखेत गाठ आली. आत्याबाई पोराला सासूच्या मांडीवर ठेवून पायी पद्मालयाला गेल्या, तिथल्या गणपतीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पोर राहू दे, दूध तुला दिलं. पोर राहिलं. तेव्हापासून दूध, दही, ताक, काही म्हणजे काही त्यांच्या ओठाला लागलं नव्हतं.

आणि गोठ्यात धार काढायच्या त्याच. दुसऱ्या कुणाच्या हाताला आमची गाय पान्हा सोडायची नाही. अंगठ्यावर थेंब उडाला तरी पदराला पुसायच्या. सगळ्यांच्या वाट्या भरून झाल्या की स्वतः भाकरीवर तेल-तिखट घेऊन बसायच्या. हे पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "मायनी मनासाठे दूध सोडेल शे." पाहुणे हात जोडायचे. मीही नवी असताना जोडले होते.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायची मारामार, साखर तर नजरेला पडायची नाही. माझी लेकरं शाळेत जाऊ लागली होती. एका श्रावणातल्या सकाळी वासरानं दाव्याला हिसका दिला, दोरी आत्याबाईंच्या पायात आली आणि त्या गोठ्यात हातावर पडल्या. पडणं म्हणावं असं ते पडणंसुद्धा नव्हतं. लेकरं दिवसातून दहादा तशी पडतात आणि माती झटकून उठतात. आत्याबाईंचं मनगट मोडलं.

शेजारच्या गावाहून हाड बसवणारा आला. त्यानं बांबूच्या कांब्या लावल्या, उडदाच्या पिठाचा लेप दिला, घट्ट बांधलं. काम चांगलं केलं त्यानं. हात किंचित वाकडा राहिला, पण भाकरी मोडण्याइतका नीट बसला. हात बसला, पण खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली.

ह्यांनी मायची बाज मधल्या अंधाऱ्या खोलीत हलवली, वर दोन गाद्या घातल्या आणि फर्मान काढलं की मायचा पाय जमिनीला लागता कामा नये. जेवण बाजेवर, तोंड धुणं बाजेवर. परसाकडे जायचं तर हे स्वतः उचलून नेणार. गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, नशीब काढं तू. असा आंडोर बठ्ठासले मियाले पाहिजे." असा मुलगा सगळ्यांना मिळो. हे दारात उभे राहून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तिसरी गादी आणायचे.

आमच्याकडे सेवेचं मोजमापच हे होतं. म्हातारं माणूस जितकं कमी हलेल तितकी पोरं चांगली. मला ते बघवेना. एका हाताचं दुखणं होतं, आणि दोन महिन्यांत पाय काड्या झाले. जी बाई डोक्यावर हंडा घेऊन ओढ्याची चढण चढायची, ती कुशीवर वळायलाही कुणाची तरी वाट बघू लागली. मी बोलले की हे म्हणायचे, "तुला काय कळतं?" मग मी भांडी जरा जोरात घासायची.

दसऱ्याच्या सुमारास ह्यांनी त्यांना उठवायला दोन्ही बगलांत हात घालून वर ओढलं आणि आत्याबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी बाळंतपणातही कुणाचा ऐकला नव्हता. पाठीत काहीतरी कडकन झालं होतं. आता मात्र हेही घाबरले. बैलगाडीत हातभर कापूस पसरला, त्यावर आत्याबाईंना निजवलं आणि एरंडोलला आलो. तिथून कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं जळगाव गाठलं. वाटेत चढ आला की मोटार थांबायची, माणसं उतरून ढकलायची. आत्याबाई मागच्या बाकावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "इन्ही बी हाडे गयीत वाटस." हिचीही हाडं गेलेली दिसतात. दुखण्यातही त्यांची जीभ धड होती, ह्याचा मला मोठा आधार वाटला.

डॉक्टर वयस्क होते, शांत. त्यांनी आत्याबाईंच्या पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली आणि ह्यांना विचारलं, "आईंची उंची कमी झालीय का अलीकडे?"

हे म्हणाले, "वय झालं, वाकली थोडी."

पण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरातलं शिंकं आलं. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई सरळ उभ्या राहून शिंक्यातलं लोणी काढायच्या. मग टाचा उंच करू लागल्या. मग पाट घेऊ लागल्या. मग मला हाक मारू लागल्या. लुगडं दरवर्षी जरा जास्त खोचायच्या, आणि मला वाटायचं नवी लुगडीच लांब येतात. मी हे सगळं सांगितलं. डॉक्टर मान हलवत ऐकत होते.

"हाड बाहेरून तसंच दिसतं," ते म्हणाले, "पण आतून विरत जातं. जुनं लुगडं कसं, घडी घातलेलं छान दिसतं आणि नेसायला घेतलं की बोट आरपार जातं. बायकांचा विटाळ गेला की हे जास्त होतं. मणके दबतात, माणूस बुटकं होतं, पाठीला बाक येतो. मग जरासा धक्का लागला तरी मोडतं. मनगट मोडलं ही पहिली सूचना. आता पाठ. खुब्याचं हाड मात्र मोडू द्यायचं नाही."

खुबा म्हटल्यावर आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढे तीच एक बाई आली. पलीकडच्या आळीतली, आत्याबाईंच्याच वयाची. न्हाणीत घसरली, खुबा मोडला, आणि ती पुन्हा कधी उठली नाही. तिच्या तिरडीला ह्यांनी खांदा दिला होता.

"म्हणून तर मी तिला बाजेवरून उतरू देत नाही," हे म्हणाले.

"तिथेच चुकतंय," डॉक्टर म्हणाले. "ज्या हाडावर भार पडत नाही ते आणखी विरतं. दुखणं ओसरलं की थोडं थोडं उठवा, चालवा. सकाळचं ऊन अंगावर घेऊ द्या. वाकून जड उचलू देऊ नका. उठवताना ओढू नका. आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग त्यांच्या त्यांना बसू द्या. पायात येईल असं घरात काही ठेवू नका. आणि खायला दूध, दही, तीळ, नागली, पालेभाजी. दूध रोज. गेलेलं सगळं भरून येणार नाही, पण आहे ते टिकवता येतं. पुष्कळ वर्षं टिकवता येतं."

दूध म्हटल्यावर हे खाली बघायला लागले.

घरी आल्यावर मी वाटीभर दूध कोमट करून नेलं. आत्याबाईंनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ने ते," म्हणाल्या. "त्या दुधमा मना पोर्‍याना जीव शे." माझं तोंड उघडलेलं होतं. डॉक्टरांचं सगळं बोलणं जिभेवर तयार होतं. आणि एकदम लक्षात आलं की तो जीव म्हणजे माझा नवरा. त्यांनी दूध घेतलं आणि उद्या ह्यांना नुसता ताप भरला तरी मी काय करीन? मी शिकलेली, धुळ्याची, गावाला नावं ठेवणारी. तरी मी वाटी उचलली आणि लेकरांना दूध देऊन टाकलं.

एका पारड्यात ह्यांचा जीव आणि दुसऱ्यात आत्याबाईंचा खुबा, आणि तराजू माझ्या हातात, असे ते दिवस गेले. दूध बाजूला ठेवून बाकीचं सगळं करायचं मी ठरवलं. पाठ जरा निवली तशी बाज अंधारातून ओट्यावर आणली. एका गादीवर भागवलं. न्हाणीतल्या दगडावरचं शेवाळ राखेनं घासून काढलं. वासराचं दावं पलीकडच्या खुंट्याला नेलं. बाजारात डोंगराकडची माणसं नागली घेऊन यायची, ती आणली. काळ्या तिळांची चटणी, तिळाची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, या सगळ्याचा आमच्या घरात असा सपाटा लागला की लेकरं शाळेतून येताना आधी शेजारच्या घरात डोकावून वास घ्यायची.

एकदा हे दुपारी शेतातून आले तर माय अंगणात, तुळशीला धरून उभी. हे माझ्यावर असे भडकले, की डोक्यावरची टोपी काढायचं भान राहिलं नाही. मी काही बोलायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "तुना बापनी बी माले अशी बांधीसन ठेवं नही." हे पाणी पिऊन परत शेतात गेले. त्या दिवसापासून ओरडले नाहीत, पण आत्याबाई उठल्या की ह्यांचे हात आपोआप पुढे जायचे. मी डोळे वटारले की मागे यायचे.

काठीचा मात्र घोळ झाला. चांगली मुठीची काठी आणली तर आत्याबाई म्हणाल्या, काठी म्हाताऱ्यांना लागते. मी खूप डोकं फोडलं. शेवटी गोठ्यातली गुरं हाकायची काठी त्यांच्या हाती दिली. ती चालली. ती हातात घेऊन त्या मारुतीपर्यंत जायच्या, आणि कुणी बघितलं तर समोर कुणाचीही शेळी असली तरी तिला हाकल्यासारखं करायच्या. गल्लीतल्या शेळ्यांना ते दिवस फार अवघड गेले.

पाय सुधारत होते, पण थकवा लवकर यायचा, पाठ दुपारनंतर बोलायची. डॉक्टरांनी दूध रोज म्हटलं होतं ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. उन्हात बसून आम्ही तीळ पाखडत होतो. मी सुपात बघत म्हटलं, "आत्याबाई, देवाला दिलेलं कधी परत मागता येतं का हो?"

मला वाटलं रागावतील. त्या तिळातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवले दिधं ते मी त्यानामोरे उभी ऱ्हाईसन दिधं. मागनं व्हयनं, ते तठे उभी ऱ्हाईसनच मागसू. बाजवर पडीसन नही."

म्हणजे दार बंद नव्हतं. देवासमोर उभं राहून दिलेलं, उभं राहूनच मागायचं होतं. आणि त्यासाठी आधी पद्मालयाला आपल्या पायांनी चढून जायला हवं होतं. मी सूप खाली ठेवलं. "मग उभ्या राहा," मी म्हटलं. "गाडी पायथ्यापर्यंत जाते. वरचं तुम्ही चाला."

त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पुढे, विहिरीपर्यंत गेल्या. नंतर ओढ्यापर्यंत. ओढ्याची ती चढण, जी हंडा घेऊन चढायच्या, ती काठी टेकत, मध्ये थांबत चढल्या आणि वर जाऊन माझ्याकडे वळून बघितलं. मी खालीच उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी ओढ्यात हात धुतल्यासारखं केलं.

माघातल्या चतुर्थीला जायचं ह्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, त्या दिवशी गर्दी असते, एक धक्का पुरे आहे. चतुर्थी होऊन गेल्यावर, साध्या दिवशी गेलो. गायीचं दूध तापवून कासंडीत घेतलं होतं. तळ्यात कमळांची पानं पसरली होती, देवळात पुजारी आणि आम्ही, एवढेच. पायथ्यापासून वर आत्याबाई चालल्या. हे मागून येत होते, हात पसरून, जणू झाडावरून आंबा पडायचा आहे.

गाभाऱ्यासमोर आल्यावर त्यांनी काठी माझ्याकडे दिली. वाकडा हात खांबाला टेकवला. जमेल तेवढी पाठ सरळ केली आणि शेजारणीशी बोलावं तसं देवाशी बोलल्या, "देवा, तू माले मना पोर्‍या दिधा, मी तुले दूध दिधं. पोर्‍या आते बाप व्हयना. मनं दूध माले परत दे. नही म्हनशी ते बी मना राग नही."

पोरगा आता बाप झालाय, माझं दूध मला परत दे, एवढंच मागणं. देव काही बोलला नाही. घंटा वाजली नाही, फूल पडलं नाही. अशा वेळी काहीतरी घडावं असं माणसाला फार वाटतं. पुजाऱ्यानं कासंडीतल्या दुधाचा नैवेद्य दाखवला आणि पेलाभर प्रसाद म्हणून पुढे केला. आत्याबाईंचा हात पुढे होईना. एवढं चालून आल्या, एवढं बोलल्या, आणि आता पेला समोर आल्यावर ती झोपडी आणि ते काखेत गाठ आलेलं पोर त्यांच्यापुढे उभं राहिलं असणार. मीही पुढे झाले नाही.

हे पुढे झाले. पुजाऱ्याच्या हातून पेला घेतला, आईच्या अगदी समोर येऊन उभे राहिले, तिला आपला चेहरा नीट दिसेल असे, आणि पेला तिच्या ओठांशी नेला.

"पी माय," म्हणाले. "मी आठेच शे."

त्या प्यायल्या. एकेक घोट, सावकाश. इतक्या वर्षांनी जिभेवर आलेलं दूध, पण त्यांचं लक्ष चवीकडे नव्हतं. डोळे ह्यांच्या चेहऱ्यावर होते, एकदाही मिटले नाहीत. माझेही तिथेच होते. पेला रिकामा झाला तरी आम्ही दोघी बघतच राहिलो, तेव्हा हे जरा लाजले आणि म्हणाले, "काय देखतस दोन्ही?"

परतताना आत्याबाईंनी गाडीत मागे बसायला नकार दिला. पुढे ह्यांच्या शेजारी बसल्या. त्या वाकड्या हातानं त्यांनी ह्यांचं मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही, आणि ह्यांनी सगळी वाट एका हातानं बैल हाकले.